मनाचा दवाखाना गावकुसाबाहेर कधी येणार?

दलित चळवळीने पाणवठ्याचा प्रश्न मांडला, जमिनीचा मांडला, शिक्षणाचा आणि नोकरीचा मांडला. अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो, पंचनाम्यावर नजर ठेवतो, जखमीला इस्पितळात नेतो, कलमे बरोबर लागली की नाहीत ते पाहतो. परंतु त्या जखमी माणसाला पुढे सहा महिने झोप लागते की नाही, त्याची बायको विझल्या चुलीपुढे का बसून राहते, त्याच्या मुलाने मध्येच शाळा का सोडली, हे प्रश्न आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर फारसे येत नाहीत. मनाचे दुखणे म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, अशी एक समजूत आपल्यातही घर करून बसली आहे. ही समजूत खोटी आहे आणि ती आपल्याच माणसांच्या जिवावर उठली आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

मी डॉक्टर नाही. रायगड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर आहे. माझे विद्यार्थी पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतून येतात. काही बौद्धवाड्यांतून येतात, काही आगरी-कुणब्यांच्या गावांतून, आणि बोटांवर मोजण्याइतके कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरून. वर्गात ही मुले शेजारी शेजारी बसतात. दुखणे आले की मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. त्या वेगळ्या का होतात, हे समजून घेतले पाहिजे.

१. दुखणे काय आणि त्याला लोक काय म्हणतात

आमच्या भागात ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोणी म्हणत नाही. बाई सांगते, ‘छातीत धडधडतंय’, ‘अंगात ताकद नाय’, ‘डोकं बधिर झालंय’, ‘कशात जीव लागत नाय’. दवाखान्यात याचा अर्थ रक्त कमी असा घेतला जातो. लाल गोळ्या मिळतात, फार तर सलाईन लागते. रक्तही बहुधा कमी असतेच, म्हणून निदान चुकले असे कोणाच्या लक्षात येत नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप गेली, भूक गेली, जगण्यातली गोडी गेली, मनात मरणाचे विचार येऊ लागले, तर ते दुखणे मनाचे आहे. बोलून, आधार देऊन आणि गरज पडल्यास औषधाने ते बरे होते. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही ते काही महिने चालू ठेवावे लागते. ही साधी गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून आठ दिवसांत गोळ्या बंद होतात आणि ‘डॉक्टरचा गुण आला नाही’ असे ठरते.

दुसरे दुखणे अधिक कठीण. ते बहुधा ऐन तारुण्यात सुरू होते. कानात कोणी बोलते आहे असे वाटते, घरच्यांचा संशय येतो, माणूस एकटा हसतो किंवा बोलायचा थांबतो. डॉक्टर त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. लोक म्हणतात ‘बाहेरचं लागलंय’, आणि भगताकडे नेतात. येथे भगताला शिव्या देऊन भागत नाही. भगत वाडीवर असतो, रात्री-अपरात्री येतो, नावाने हाक मारतो. डॉक्टर यातले काहीच करीत नाही.

तिसरे दुखणे व्यसनाचे. ‘कातकरी म्हणजे दारुडा’ असे म्हणून आमचे सुशिक्षित मोकळे होतात. व्यसन हा उपचार करण्याजोगा आजार आहे, हे त्यांना शहरातल्या साहेबाबाबत पटते, वाडीवरच्या मजुराबाबत पटत नाही. एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, भास होणे, फिट येणे असे घडू शकते. त्यात जीवही जातो. हे भूत नव्हे, त्याला ताबडतोब इस्पितळात न्यावे लागते.

२. हे दुखणे कोठून येते

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. खैराच्या झाडापासून कात काढणे हा यांचा जुना धंदा आणि त्यावरूनच हे नाव पडले. जंगल सरकारी झाले, कात गेला, आणि हा समाज वीटभट्टी व कोळसाभट्टीवर गेला. भट्टीचा मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, उचल देतो. दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी मुलाबाळांसह भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाला परतते. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. काम संपते तेव्हा बरेचदा उचल फिटलेली नसते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर जावे लागते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, हे वाडीला माहीत नसते.

आता या माणसाच्या मनाचा विचार करा. आपले कर्ज किती, हे त्याला ठाऊक नाही. वाडी पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर, म्हणून झोपडी उद्या राहील की नाही, हेही ठाऊक नाही. भीती ही शरीराची तात्पुरती सोय आहे. संकट आले की छाती धडधडते, झोप उडते, श्वास जलद होतो, आणि संकट गेले की सारे शांत होते. परंतु ज्याचे संकट कधी जातच नाही, त्याचे शरीर आणि मन शांत व्हायचे केव्हा? शहरात याला ताण म्हणतात आणि त्यावर सुट्टी सुचवतात. भट्टीवर सुट्टी नाही.

बौद्धवाड्यातल्या तरुणाचे दुखणे वेगळ्या वाटेने येते. महाड याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यानंतर सनातन्यांनी शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. आज उघड घागरी ओतत नाहीत. आज आडनाव विचारतात. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतात, गावातली आळी विचारतात. खोली भाड्याने देताना, कारखान्यात कंत्राटी काम वाटताना, महाविद्यालयात शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचताना जे घडते त्याचा पंचनामा होत नाही. रोज थोडे थोडे घडते म्हणून तक्रार करावी एवढे मोठे एकही नसते. अशा वेळी मुलगा तो अपमान आत घेतो आणि दोष स्वतःलाच देतो. आपणच कमी आहोत, असे त्याला वाटू लागते. जात ही मनात वसते, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त मांडले. ती सवर्णाच्या मनात अहंकार होऊन राहते आणि आमच्या मुलाच्या मनात स्वतःविषयीची शंका होऊन राहते.

हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. ती तडवी भिल्ल समाजातली, आणि स्वतः डॉक्टर. दोन्ही वेळी आत्महत्येला व्यक्तिगत दुबळेपणाचे कारण शोधण्याचा उद्योग झाला.

येथे दोन चुका संभवतात. पहिली चूक म्हणजे अन्यायालाच आजार ठरवणे. उचलीत अडकलेल्या मजुराला झोपेची गोळी देऊन घरी पाठवणे ही ती चूक आहे. त्याला हिशेबाची वही पाहिजे, मजुरी पाहिजे, घराखालची जमीन पाहिजे. दुसरी चूक आपल्याकडून होते. कारण सामाजिक आहे, म्हणून उपचाराची गरज नाही, क्रांती झाली की सारे बरे होईल, असे आपण म्हणतो. सावकाराच्या माणसाने पाय मोडला तर आपण सावकाराविरुद्ध लढतो आणि पायाला प्लास्टरही घालतो. मनालाच प्लास्टर का नको?

३. शास्त्रही निष्पाप नाही

आपल्या माणसांना मनाच्या डॉक्टरची भीती वाटते, ती केवळ अडाणीपणामुळे नव्हे. या शास्त्राने सत्तेची चाकरी केल्याचा इतिहास आहे. अमेरिकेत १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना एक मानसिक रोग असतो असे लिहिले आणि त्या रोगाला ‘ड्रेपेटोमेनिया’ असे नावही दिले. स्वातंत्र्याची ओढ हाच रोग! पुढे १९६० च्या दशकात, नागरी हक्कांची चळवळ पेटलेली असताना, मिशिगन राज्यातल्या आयोनिया इस्पितळात काळ्या पुरुषांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का मोठ्या प्रमाणावर बसू लागला. त्यांचा संताप हे लक्षण ठरले. आपल्या देशात इंग्रजांनी रांचीला १९१८ साली युरोपियनांसाठी वेगळे मनोरुग्णालय काढले. हिंदी लोकांसाठी तेथेच दुसरे निघाले ते १९२५ साली. वेडाचीही वर्णव्यवस्था होती.

या शास्त्राला आतून जाब विचारणाराही त्यातलाच एक काळा डॉक्टर होता. मार्टिनिक बेटावर जन्मलेला फ्रांत्झ फॅनन १९५३ पासून अल्जीरियातल्या ब्लिडा येथील मनोरुग्णालयात काम करीत होता. ज्या राजवटीत माणूस स्वतःच्याच देशात परका केला जातो, तेथे रोग्याला बरे करून पुन्हा त्याच जागी पाठवणे म्हणजे काय, हा त्याचा प्रश्न होता. १९५६ साली त्याने राजीनामा दिला. वंश आणि जात एक नव्हेत, हे खरे. परंतु जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे दोहोंत समान आहे, आणि म्हणूनच २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलितांनी जातीचा प्रश्न मांडला. भारत सरकारने त्याला विरोध केला होता.

४. दवाखाना आहे कोठे

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चारच नावे घेतली जात आली: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. पेण-रोह्याच्या माणसाला ठाणे जवळचे, आणि आमच्या बोलीत ‘याला ठाण्याला पाठवा’ ही शिवीच आहे. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यातल्या प्रयोगावरून १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कल्पना चांगली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला शिकवायचे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक यांचे पथक ठेवायचे आणि ते तालुक्यापर्यंत न्यायचे.

परंतु कागदावरचा तालुका आणि डोंगरावरची वाडी यांत अंतर आहे. रोह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून निघालेल्या बाईला आधी रस्त्यापर्यंत चालत यावे लागते, मग मिनीडोर, मग एस.टी. जिल्हा रुग्णालय अलिबागला. दिवस मोडतो, मजुरी बुडते, सोबतच्या माणसाचीही बुडते. औषध फुकट असले तरी ते फुकट पडत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की निरनिराळ्या मानसिक आजारांच्या शंभर रुग्णांपैकी सत्तर ते ब्याण्णव जणांना उपचार मिळत नाहीत. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता.

अंतर केवळ मैलांचे नसते. रांगेत उभ्या असलेल्या पांढरपेशा बाईला ‘काकू, तुम्ही बसा’ असे म्हणतात आणि तिच्याच वयाच्या कातकरीणीला ‘ए, तू मागं हो’. मराठीत हे एक सर्वनाम माणसाची जागा दाखवून देते. शरीराचा रोगी हा अपमान गिळून औषध घेईल. परंतु जिचे दुखणेच मनाचे आहे, जी आपल्या लाजेची, भीतीची गोष्ट सांगायला आली आहे, ती ‘तू’ ऐकून तोंड मिटते. मग डॉक्टर लिहितो, ‘रुग्ण माहिती देत नाही’. त्यातून कातकऱ्यांची घरातली बोली वेगळी. मनातले सांगायला माणसाला स्वतःची बोली लागते.

माझ्या एका चुलत्याला विसाव्या-बाविसाव्या वर्षी आवाज ऐकू येऊ लागले. भगताने मिरच्यांची धुरी दिली, वेताने मारले. नंतर घरच्यांनी त्याला एका सरकारी इस्पितळात नेले. तेथे नाव लिहून घेणाऱ्याने आडनाव विचारले, मग वाडा कोणता ते विचारले, आणि त्यानंतर कोणी त्याच्याशी धड बोलले नाही. तीन महिने औषध चालले, चुलता शेतावर कामालाही जाऊ लागला. पुढे दर महिन्याचा खेप-खर्च झेपेना. औषध सुटले. उरलेले आयुष्य त्याने मागच्या पडवीत काढले. तीन महिन्यांत जो माणूस कामाला लागला होता, तो बरा होण्याजोगा होता. त्याला आजाराने एकट्याने संपवले नाही.

तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. आपल्या पडव्यांमधून बांधलेली माणसेही याच देशाची नागरिक आहेत.

५. कायदा काय देतो

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. कार्यकर्त्यांनी त्यातली निदान पाच कलमे पाठ करावीत. कलम ३ सांगते की माणसाची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती, त्याचा वंश, धर्म किंवा संस्कृती यांवरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. कार्टराइटला दिलेले हे उत्तर आहे. कलम १८ प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते, आणि जात, वर्ग, लिंग, धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी दवाखान्यात हा उपचार मोफत आहे. कलम २१ मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकीच वागणूक द्यायला सांगते. कलम ९५ साखळीने बांधायला बंदी करते. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायचे आहे, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातले ३०९ कलम उरलेले नाही. पोलीस केस होईल म्हणून विष घेतलेल्या बाईला दवाखान्यात न नेणे, हे आता तरी थांबले पाहिजे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याकडेही या दृष्टीने पाहावे. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात कलम १५ अ आले. पीडितांना संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन आणि स्थलांतर हे हक्क त्यात आहेत. मनाच्या उपचाराचा वेगळा उल्लेख या यादीत नाही. तो मागून घेतला पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे त्यांतले एक. प्राध्यापक मित्रांनी आपल्या प्राचार्यांना हे लेखी विचारावे.

६. करायचे काय

डॉक्टरांची संख्या वाढेपर्यंत थांबायचे ठरवले तर आपल्या दोन पिढ्या जातील. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने आरोग्य केंद्रांत साध्या, स्थानिक माणसांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना याचा गुण आल्याचे दिसले. झिंबाब्वेत हरारे येथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेर बाकांवर बसवले. आजी आपल्या बोलीत विचारते, ऐकते, एकेक अडचण सोडवायला मदत करते. जे हरारेच्या आजीला जमले, ते वाडीवरच्या आजीला का जमू नये?

आपण १९७२ साली दलित पँथर काढली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, आवेश घेतला. त्याच ब्लॅक पँथरने आपल्या वस्त्यांमधून मोफत दवाखाने काढले होते, आणि १९७१ पासून काळ्या लोकांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या तपासणीची मोहीम चालवली होती. सरकार करीत नाही म्हणून आम्ही करतो, आणि सरकारने करावे म्हणून भांडतो, अशी त्यांची दुहेरी रीत होती. त्यांच्याकडून आपण कविता घेतली, दवाखाना घेतला नाही. तो आता घ्यावा.

पेण आणि रोह्यापुरते मला सुचते ते असे. कातकरी वाडीसाठी आशा कार्यकर्ती कातकरीच असावी, आणि मनाच्या आजाराची ओळख हा तिच्या शिक्षणाचा भाग व्हावा. तिला कामाप्रमाणे तुटपुंजा मोबदला मिळतो, तेव्हा या कामाचे पैसे वेगळे मिळालेच पाहिजेत. मनोविकाराचे औषध निदान तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दर महिन्याला ठरल्या वारी मिळावे. भट्टीवर जाणाऱ्या रुग्णाला निघण्यापूर्वी डॉक्टरने शक्य तितक्या दिवसांचे औषध आणि मराठीत लिहिलेला कागद द्यावा, म्हणजे तेथल्या दवाखान्यातही उपचार चालू राहील. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा आहे. तो क्रमांक बुद्धविहाराच्या, समाजमंदिराच्या, शाळेच्या भिंतीवर रंगवावा. ज्या वाडीवर मोबाईलला रेंज नाही तेथे माणूसच जावा.

शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकूर आदिवासींची सत्तावीस प्रेते हाती लागली, सत्तावन्न माणसे सापडली नाहीत. जे वाचले त्यांना घरे देणे आवश्यकच होते. परंतु पाऊस कोसळू लागला की त्यांच्या मुलांच्या पोटात काय होत असेल, याचा विचार कोणत्याही पुनर्वसनात पहिल्या दिवसापासून झाला पाहिजे.

हे सारे करताना भगताशी भांडण काढण्याची घाई नको. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने मारहाणीला, अघोरी उपायांना बंदी आहे, ती कडकपणे पाळली जावी. मंत्र म्हणणाऱ्याला मात्र एवढेच सांगावे, ‘बाबा, तुम्ही तुमचं करा, पण गोळी बंद करू नका.’

आणि एक काम असे आहे की ज्याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. आपल्या पुढच्या बैठकीत जमिनीच्या आणि शिष्यवृत्तीच्या विषयांबरोबर एक विषय वाढवावा: आपल्या वस्तीत कोण बोलेनासे झाले आहे, कोण पडवीत बांधलेले आहे, कोणाची गोळी सुटली आहे. त्यांची नावे चारचौघांत न वाचता दोन कार्यकर्त्यांनी त्या घरी जावे, ‘तुम्ही कसे आहात’ असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत बसून राहावे.